जॉइन कमांड: काम चोख, पण आधी सॉर्ट करा

दोन मजकूर फायलींमधल्या जुळणाऱ्या ओळी एकत्र करायला लिनक्सवर वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. जॉइन ही कमांड ग्नू प्रकल्पाच्या कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचात असते, म्हणजे बहुतेक मशीनवर ती आधीपासूनच असते. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही ती होती. ग्नूची आवृत्ती माइक हेर्टेल यांनी लिहिली. एवढी जुनी कमांड, पण तिच्याबद्दलच्या तक्रारी आजही त्याच त्या: अर्ध्याच ओळी आल्या, काहीच आलं नाही, रकाने सरकले. बहुतेक वेळा दोष कमांडचा नसतो, दिलेल्या फायली तिच्या अटीत बसत नसतात. दोन-तीन ठिकाणी मात्र दोष सरळ तिचाच आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. टॅबने वेगळे केलेले रकाने, जुळणीसाठी एकच रकाना, आणि फायली मोठ्या: अशा कामाला जॉइनसारखी दुसरी कमांड नाही. अवतरण चिन्हांतले स्वल्पविराम असलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी) असेल तर मात्र हिच्या वाटेला जाऊ नये.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायच्या.)

एक छोटा नमुना घेऊ. ‘माल’ नावाच्या फाइलमध्ये कोड आणि वस्तू:

क१० खुर्ची
क११ टेबल
क९ कपाट

‘विक्री’ फाइलमध्ये कोड आणि नग:

क१० ५
क१० २
क९ १
ख३ ४

जॉइन माल विक्री

एवढं टाकलं की बाहेर येतं ते असं:

क१० खुर्ची ५
क१० खुर्ची २
क९ कपाट १

काहीही न सांगता ती दोन्ही फायलींचा पहिला रकाना जुळवते. आउटपुटमध्ये आधी जुळलेला कोड, मग पहिल्या फाइलचे उरलेले रकाने, मग दुसरीचे. टेबलाची विक्री नाही आणि ख३ मालात नाही, म्हणून त्या दोन्ही ओळी गळाल्या. क१० विक्रीत दोनदा आहे, म्हणून खुर्चीची ओळ दोनदा आली. जुळणीचा रकाना पहिला नसेल तर ‘-१ २’ म्हणजे पहिल्या फाइलचा दुसरा रकाना, ‘-२ ३’ म्हणजे दुसऱ्या फाइलचा तिसरा.

आतलं काम समजलं की पुढचे घोटाळे आपोआप कळतात. दोन याद्यांवर दोन बोटं ठेवून खाली सरकत जावं, तशी ती चालते. दोन्ही बोटांखालचे कोड सारखे असले की जोडी छापायची. नसले तर ज्या बाजूचा कोड लहान आहे ते बोट एक ओळ खाली. मागे फिरणं नाही. त्यामुळे मेमरीत एका वेळी फक्त एका कोडच्या ओळी असतात, आणि फाइल कितीही गिगाबाइटची असली तरी मशीनला धाप लागत नाही. याच कारणाने दोन्ही फायली आधीपासून क्रमाने लावलेल्या असणं ही सवलत नाही, अट आहे.

आणि क्रम म्हणजे तिचा स्वतःचा क्रम. सगळ्यात जास्त लोक पडतात ते इथेच. कोड नुसते आकडे असले की हात आपसूक ‘सॉर्ट -एन’ कडे, म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने क्रम लावण्याकडे जातो. समजा एका फाइलमध्ये ९, १०, ११ आहे आणि दुसरीत १०, ११. आकड्यांच्या हिशेबाने दोन्ही क्रमाने आहेत. पण जॉइन अक्षर म्हणून वाचते, आणि ‘९’ हे अक्षर ‘१’ च्या नंतर येतं. पहिली तुलना ९ आणि १० ची: १० लहान, म्हणून दुसऱ्या फाइलचं बोट खाली. मग ९ आणि ११: पुन्हा ११ लहान, पुन्हा खाली. दुसरी फाइल संपली. दोन्हीकडे १० आणि ११ असूनही एकही जोडी निघत नाही. ग्नूची जॉइन अशा वेळी फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ‘इज नॉट सॉर्टेड’ असा निरोप देते. उपाय दोन: ‘-एन’ काढून टाकणं, किंवा सगळे आकडे शून्यं लावून सारख्या लांबीचे करणं, म्हणजे ०००००९, ००००१०. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण ‘००७’ आणि ‘७’ हे जॉइनच्या लेखी वेगळे कोड आहेत. एका फाइलमध्ये शून्यं आणि दुसरीत नाहीत, हा प्रकार स्प्रेडशीटमधून आलेल्या फायलींत हमखास सापडतो. ऑक या मजकूर हाताळणाऱ्या छोट्या भाषेच्या प्रिंटएफमध्ये ‘%०६डी’ दिलं की दोन्ही बाजू एका मापात येतात.

दुसरा फटका जास्त छुपा आहे. नुसतं ‘सॉर्ट’ म्हटलं की पूर्ण ओळीवर क्रम लागतो, पण जॉइन फक्त जुळणीचा रकाना बघते. बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर सारखंच निघतं, म्हणून चूक कित्येक दिवस लपून राहते. स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या या दोन ओळी बघा:

ब४ जुना,टेबल
ब४,टेबल

पूर्ण ओळीच्या बाइटनिहाय क्रमात (म्हणजे अक्षरांच्या अंकी मूल्यांच्या क्रमात) हे बरोबर आहे: ‘ब४’ नंतर पहिल्या ओळीत मोकळी जागा आहे, दुसरीत स्वल्पविराम, मोकळ्या जागेचं मूल्य ३२, स्वल्पविरामाचं ४४. पण जॉइन बघते ते ‘ब४ जुना’ आणि ‘ब४’ एवढंच, आणि तिच्या हिशेबाने तोकडा कोड आधी यायला हवा. म्हणून सॉर्टला रकाना बांधून द्यायचा:

सॉर्ट -टी ',' -के १,१ माल

‘-के १’ आणि ‘-के १,१’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ पहिल्या रकान्यापासून ओळ संपेपर्यंत, दुसऱ्याचा अर्थ फक्त पहिला रकाना. हा ‘,१’ विसरल्यामुळे जितका वेळ वाया जातो तितका जॉइनच्या इतर कुठल्याच गोष्टीत जात नसेल. रकाने मोकळ्या जागांनी वेगळे केलेले असतील, म्हणजे ‘-टी’ देत नसाल, तर ‘-के १बी,१’ लिहायचं. तो ‘बी’ आधीच्या मोकळ्या जागा मोजू नको असं सांगतो. सॉर्ट एरवी त्या रकान्याचाच भाग धरते, जॉइन धरत नाही.

टॅब विभाजक म्हणून आम्हाला पसंत आहे, त्याचं एक कारण याच गणितात आहे. टॅबचं बाइटमूल्य ९, म्हणजे छापता येणाऱ्या प्रत्येक अक्षरापेक्षा कमी. त्यामुळे बाइटनिहाय क्रमात, जुळणीचा रकाना पहिला असेल तर, पूर्ण ओळीचा क्रम आणि रकान्याचा क्रम एकच निघतो. रकाना बांधून द्यायचाच, पण विसरलात तरी टॅब सांभाळून घेतो.

‘बाइटनिहाय’ हा शब्द वर मुद्दाम आला, कारण तिसरा फटका लोकॅलचा, म्हणजे भाषेच्या सेटिंगचा. सॉर्ट आणि जॉइन दोघीही मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे अक्षरांचा क्रम ठरवतात. अमेरिकी इंग्रजीच्या सेटिंगमध्ये लहान-मोठी अक्षरं शेजारी-शेजारी येतात, ‘सी’ लोकॅलमध्ये सगळी मोठी अक्षरं आधी आणि छोटी नंतर. एक फाइल ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमधून रात्री सॉर्ट झाली आणि दुसरी हाताने टर्मिनलवर, तर दोन्ही क्रमाने असूनही एकमेकींशी जुळत नाहीत. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच

एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी

टाकून द्यावं. ‘एलसी_ऑल=सी सॉर्ट माल | जॉइन - विक्री’ असं लिहून भागत नाही, कारण ते सेटिंग पाइपच्या (मधल्या उभ्या रेघेच्या) डाव्या बाजूच्या सॉर्टपुरतंच राहतं, जॉइन जुन्याच हिशेबाने चालते. ‘सी’ लोकॅलचा आणखी एक फायदा म्हणजे सॉर्टचा वेग बराच वाढतो.

क्रम चुकला तर ग्नूची जॉइन सांगते, पण हे सांगणं अर्धवट आहे. नेहमीच्या पद्धतीत ती तक्रार तेव्हाच करते, जेव्हा एखादी तरी ओळ जोडीविना राहते. आणि तक्रार केल्यावरही काम चालूच ठेवते. स्क्रीनवर हजारो ओळी धावत असताना ती एक ओळ कोण बघणार? काम बिघडल्याची खूण म्हणून एक्झिट कोड १ येतो हे खरं, पण तो तपासणाऱ्या स्क्रिप्ट थोड्याच. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘--चेक-ऑर्डर’ दिल्याशिवाय जॉइन लिहूच नये. तो पर्याय दिला की पहिली चुकीची ओळ दिसताच ती थांबते. त्याच्या उलट ‘--नोचेक-ऑर्डर’ आहे. निरोप त्रास देतो म्हणून तो लावणारे लोक दिसतात. तसं करू नका.

बॅश या शेलमध्ये सॉर्ट आणि जॉइन एका ओळीत बसवता येतात:

जॉइन -टी $'\टी' --चेक-ऑर्डर <(सॉर्ट -टी $'\टी' -के १,१ माल) <(सॉर्ट -टी $'\टी' -के १,१ विक्री)

टॅब देताना ते डॉलरचं चिन्ह हवंच. नुसतं अवतरणात ‘\टी’ दिलं तर जॉइन एकापेक्षा जास्त अक्षरांचा विभाजक चालत नाही म्हणून नाकारते. कंसाची ही सोय बॅश आणि झेडशेलमध्ये चालते, डॅशसारख्या साध्या शेलमध्ये नाही. एकदाच करायच्या कामाला ही ओळ उत्तम. रोज चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र आम्ही ती टाळू. कंसातली सॉर्ट डिस्क भरल्यामुळे अर्ध्यात मेली तर जॉइनला तोकडी फाइल मिळते आणि ती मुकाट्याने तेवढीच जोडते. पाइपमधली चूक पकडणारा ‘पाइपफेल’ पर्याय लावूनही हे पकडलं जात नाही. तिथे सॉर्ट केलेल्या फायली वेगळ्या लिहाव्यात, प्रत्येक सॉर्टचा एक्झिट कोड तपासावा आणि मगच जॉइनला द्याव्यात. मोठ्या फायलींना सॉर्ट डिस्कवर तात्पुरत्या फायली करते. टेम्प फोल्डर लहान असेल तर ‘-टी’ (सॉर्टची कॅपिटल टी) देऊन मोकळी डिस्क दाखवावी.

विभाजकाकडे वळू. ‘-टी’ न देता जॉइन मोकळ्या जागा आणि टॅब दोन्हींना विभाजक मानते, लागोपाठच्या कितीही जागा एकच धरते, आणि आउटपुटमध्ये प्रत्येकीऐवजी एकच जागा ठेवते. वर दिलेल्या नमुन्याला ते चालतं. पण एखादा रकाना रिकामा असेल तर पुढचे सगळे रकाने एक घर डावीकडे सरकतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. ‘-टी’ दिलं की प्रत्येक विभाजक मोजला जातो, रिकामे रकाने जागेवर राहतात. याची दुसरी बाजू म्हणजे कोडच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही आता कोडचाच भाग होते, आणि ‘क१०’ व ‘क१० ’ जुळत नाहीत. आधी सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने त्या कापून घ्याव्यात.

न जुळलेल्या ओळींसाठीचे पर्याय ही या कमांडची खरी ताकद. ‘-ए १’ दिलं की पहिल्या फाइलच्या एकट्या राहिलेल्या ओळीही येतात, ‘-ए २’ ने दुसरीच्या, दोन्ही दिले की सगळ्याच. ‘-व्ही १’ दिलं तर फक्त एकट्या ओळी, जोड्या नाहीत. खरं काम सुरू करण्याआधी ‘-व्ही १’ आणि ‘-व्ही २’ एकेकदा चालवून बघावेत. कोड दोन्हीकडे एकेकदाच येत असतील तर हिशेब सोपा आहे: जोड्यांची संख्या अधिक ‘-व्ही १’ ची संख्या बरोबर पहिल्या फाइलच्या ओळी. जमलं नाही तर कुठेतरी कोड दुहेरी आहे. ‘कट’ ने तो रकाना काढून ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक -डी’ ला दिला की कोणता ते कळतं.

‘-ए’ वापरलं की एक अडचण लगेच समोर येते. जुळलेल्या ओळीला तीन रकाने, एकट्या ओळीला दोनच. पुढे ‘कट -एफ ३’ केलं की गोंधळ. लोक यासाठी ‘-ई नाही’ देतात, म्हणजे रिकाम्या जागी ‘नाही’ भर, आणि काहीच बदलत नाही. इथे दोष कमांडच्या रचनेचा आहे. ‘-ई’ ला किती रकाने भरायचे हे माहीत नसतं. ते ‘-ओ’ ने सांगावं लागतं. हे दोन पर्याय एकमेकांशिवाय अपुरे आहेत हे मॅन्युअल वाचून पहिल्या फटक्यात कोणालाही कळत नाही.

जॉइन -टी $'\टी' -ए १ -ई नाही -ओ ०,१.२,२.२ माल विक्री

‘-ओ’ मध्ये ० म्हणजे जुळलेला कोड, १.२ म्हणजे पहिल्या फाइलचा दुसरा रकाना. कोडसाठी १.१ ऐवजी ० च लिहावं, कारण ‘-ए २’ असेल तेव्हा पहिल्या फाइलमध्ये तो कोडच नसतो आणि १.१ च्या जागी ‘नाही’ छापलं जातं. रकाने खूप असतील तर ‘-ओ ऑटो’ ही ग्नूची सोय आहे: प्रत्येक फाइलची पहिली ओळ बघून ती रकान्यांची संख्या ठरवते. सोय छान, पण पहिल्या ओळीत रकाने कमी आणि पुढे जास्त असले तर जास्तीचे कापले जातात. आणखी एक गोष्ट: ‘-ई’ जोडीविना राहिलेली जागा आणि मुळातच रिकामा असलेला रकाना यांत फरक करत नाही. दोन्ही ठिकाणी ‘नाही’ येतं. हा फरक महत्त्वाचा असेल तर न जुळलेल्या ओळी ‘-व्ही’ ने वेगळ्याच काढाव्यात.

शीर्षकाची ओळ असेल तर ‘--हेडर’ द्यावं. मग ती ओळ क्रमाच्या तपासणीतून सुटते आणि वर जशीच्या तशी जोडून येते. रकान्यांची नावं दोन्हीकडे सारखी आहेत का हे जॉइन बघत नाही, पहिल्या फाइलचं नाव ठेवते. अडचण सॉर्टची आहे, तिला शीर्षक कळत नाही आणि ती ते ओळींमध्ये मिसळून टाकते. म्हणून

{ हेड -एन १ माल; टेल -एन +२ माल | सॉर्ट -टी $'\टी' -के १,१; } > माल.क्रम

अशी ओळ आधी. जरा लांबलचक आहे, पण दुसरा सोपा मार्ग नाही.

आता या कमांडची सगळ्यात वाईट खोड. ‘-टी’ दिलेलं असताना कोडचा रकाना रिकामा असलेल्या ओळी दोन्ही फायलींत असतील, तर रिकामा कोड हा रिकाम्या कोडशी जुळतो. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत नल (रिकामं मूल्य) कधीच नलशी जुळत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला हे सुचतच नाही. एका फाइलमध्ये १०० आणि दुसरीत २०० अशा ओळी असल्या की आउटपुटमध्ये २०,००० निरर्थक जोड्या, त्याही अगदी वर, कारण रिकामा कोड क्रमात पहिला. कुठलाही इशारा नाही. जोडण्याआधी रिकाम्या कोडच्या ओळी ऑकने बाजूला काढणं एवढाच इलाज. दुहेरी कोडचंही गणित असंच गुणाकाराचं: एकीकडे ३, दुसरीकडे ४, तर १२ ओळी. एकाच कोडच्या १,००० ओळी दोन्हीकडे असतील तर १० लाख. आउटपुटची फाइल अचानक फुगली तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्यावा.

यानंतर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी. विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह असतं. कोड शेवटच्या रकान्यात असेल तर तो कशाशीच जुळत नाही. नसेल तर जोडलेल्या ओळीच्या मधोमध तो येतो आणि टर्मिनलवर दुसऱ्या फाइलचा मजकूर पहिल्यावर चढलेला दिसतो. ‘कॅट -ए’ (कॅपिटल ए) ने ओळीच्या शेवटी टोपीवालं एम दिसलं की निदान पक्कं. ‘टीआर -डी’ ने तो काढून टाकावा. एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला तीन बाइटचा बीओएम (बाइट ऑर्डर मार्क, एक न दिसणारी खूण) असतो. शीर्षक असेल तर तो शीर्षकाला चिकटतो आणि फार बिघडत नाही. शीर्षक नसेल तर पहिला कोडच बिघडतो. सॉर्ट केल्यावर ती ओळ फाइलच्या तळाशी जाऊन बसते, म्हणून शोधायलाही वेळ लागतो.

देवनागरी मजकुरावर जुळणी करणाऱ्यांसाठी एक वेगळाच खड्डा आहे. ‘दुसऱ्या’ मधलं अर्धं र दोन प्रकारे टाइप होतं: एका कीबोर्डवरून यू+०९३१ चं ऱ आणि हलन्त, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये ६ बाइट, दुसऱ्या कीबोर्डवरून साधं र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे ९ बाइट. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे. बाइटनिहाय तुलनेत ते वेगळे शब्द आहेत आणि जोडी होत नाही. तिसरा प्रकार र आणि खाली नुक्ता असा. तो युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने ऱ मध्ये बदलतो, आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या ‘यूकॉन्व्ह’ कमांडने हे होतं. जॉइनरवाला प्रकार मात्र एनएफसीने बदलत नाही; तिथे सेडने सरळ अदलाबदल करावी लागते. शंका आली की त्या शब्दाचे बाइट ‘ओडी’ किंवा ‘एक्सएक्सडी’ ने बघावेत. शक्य असेल तिथे जुळणी नावावर करूच नये, कोडवर करावी.

जुळणी दोन रकान्यांवर करायची असेल तर जॉइनकडे सोय नाही. ऑकने दोन रकाने चिकटवून एक करावा, मध्ये डेटामध्ये न येणारं चिन्ह ठेवावं (उभी रेघ बहुतेक वेळा चालते), मग सॉर्ट, मग जॉइन, मग पुन्हा तोडणं. चिन्ह न ठेवता चिकटवलं तर ‘१’ व ‘२३’ आणि ‘१२’ व ‘३’ या दोन वेगळ्या जोड्या एकच होऊन बसतात. फायली तीन असतील तर पाइप: पहिल्या दोघींचं आउटपुट पुढच्या जॉइनला ‘-’ म्हणून द्यायचं. कोड तोच असेल तर मध्ये पुन्हा सॉर्ट लागत नाही, कारण आउटपुट आधीच क्रमाने असतं. मूळ फाइलचा क्रम शेवटी परत हवा असेल तर सुरुवातीला प्रत्येक ओळीला क्रमांकाचा रकाना जोडून ठेवावा आणि अखेरीस त्यावर ‘सॉर्ट -एन’ करावं.

मॅकओएसवर येते ती युनिक्सच्या बीएसडी घराण्यातली जॉइन. तिच्यात ‘--हेडर’ नाही, ‘-ओ ऑटो’ नाही, आणि क्रम चुकला तर ती अवाक्षर काढत नाही. वरच्या ९-१०-११ च्या उदाहरणात तिथे फक्त रिकामी स्क्रीन दिसेल. लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट तिथे चालवायची असेल तर पॉझिक्स या युनिक्स मानकात असलेल्या -ए, -व्ही, -ई, -ओ, -टी, -१, -२ एवढ्यांवरच भागवावं आणि आधी ‘सॉर्ट -सी’ ने क्रम तपासून घ्यावा.

पर्याय काय? ‘पेस्ट’ नुसत्या ओळीला ओळ लावते, काही जुळवत नाही. ‘कॉम’ पूर्ण ओळी ताडून बघते. खरा प्रतिस्पर्धी ऑक: एक फाइल मेमरीत भरायची, दुसरी वाचत जुळवायची. सॉर्टची कटकट नाही आणि दुसऱ्या फाइलचा क्रम टिकतो. एक फाइल छोटी असेल तर आम्हीही ऑकच घेऊ. त्यातली मेख एकच: ‘एनआर बरोबर एफएनआर’ (एकूण वाचलेल्या ओळी बरोबर या फाइलच्या वाचलेल्या ओळी) ही नेहमीची अट पहिली फाइल रिकामी असली की दुसऱ्या फाइललाच पहिली समजते. दोन्ही फायली मेमरीत न मावणाऱ्या असल्या की मात्र जॉइनला तोड नाही.

अवतरणांतल्या स्वल्पविरामांची खरी सीएसव्ही असेल तर मिलर हे टूल घ्यावं. ते रकाने नावाने ओळखतं, सॉर्टची अट घालत नाही, डावीकडची फाइल तेवढी मेमरीत ठेवतं. सीएसव्हीकिट या टूलसंचाचं सीएसव्हीजॉइनही बरं आहे, पण ते सगळ्या फायली मेमरीत घेतं आणि आकड्यांसारखे दिसणारे कोड आकडेच समजून ‘००७’ चं ‘७’ करू शकतं. हे अनुमान बंद करण्याचा पर्याय आहे, तो आधी लावावा. आणि जुळणीत ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी अट आली, तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये दोन्ही फायली आयात करून चार ओळींची क्वेरी लिहावी. जॉइनला फक्त ‘बरोबर’ कळतं, ‘पेक्षा जास्त’ कळत नाही.